सत्तेचाळीसमधला सात आधी ऐकू येतो

ऑगस्ट २०२२ मध्ये मी दुसरीच्या वर्गाला दहा संख्या तोंडी सांगितल्या आणि कोऱ्या कागदावर लिहायला लावल्या. त्यातला एका मुलीचा कागद मी अजून जपून ठेवलाय. या लेखापुरतं तिला चिमणी म्हणते. सत्तेचाळीसला तिनं ७४ लिहिलं होतं, त्रेसष्टला ३६, पंचवीसला ५२, अडुसष्टला ८६, अठ्ठ्याण्णवला ८९. एकोणतीसला ३९. बावन्नची जागा कोरीच. चव्वेचाळीस, साठ आणि बारा एवढे तीन बरोबर.

कागद बघून मी तिची गृहपाठाची वही काढली. त्यात १ ते १०० अंक, सुबक, चौकटीबाहेर एक रेघ नाही. पाच वेळा लिहिलेले. पाचही वेळा शंभरच्या शंभर बरोबर.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. गावात निम्म्या घरांत मराठी, निम्म्या घरांत कानडी, आणि शाळेच्या पटांगणात दोन्हींची भेळ. चिमणीच्या वर्गाची पहिली करोनात गेलेली. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या शाळा १ डिसेंबर २०२१ ला उघडल्या, जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद झाल्या. म्हणजे ही मुलं दुसरीत आली तेव्हा त्यांनी शाळेचा फळा जेमतेम चार-पाच महिने पाहिला होता. त्याआधी जे काही शिकली ते घरी, आईच्या हाताखाली. चिमणीची आई नववीपर्यंत शिकलेली. बचत गटातर्फे कडक भाकरी करून विकते. तिनं भाकऱ्या थापता थापता पोरीला अंक गिरवायला शिकवले होते, आणि या बाईचं मला आजही कौतुक वाटतं.

तरीही पहिली चूक माझीच झाली. कागद बघून मला वाटलं, पोरगी धांदरट आहे. ऐकते एक, लिहिते भलतंच. सराव कमी पडतोय. मी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिलं: रोज १ ते १०० अंक लिहून घ्यावेत, पालकांनी सही करावी. आईनं ते इमानेइतबारे पाळलं. तीन आठवड्यांत नवी वही भरली. मी पुन्हा दहा संख्या सांगितल्या. सत्तेचाळीसचे ७४.

शाळेतल्या सहकारी सरांनी सुचवलं, अंक उलटे लिहिते म्हणजे अध्ययन अक्षमता असेल, तपासून घ्या. शंका घेण्यात गैर काही नव्हतं. पण फळ्यावरची ४७ ती बिनचूक उतरवून घ्यायची. ३ किंवा ६ हा सुटा अंक कधी आरशातल्यासारखा फिरवायची नाही. गोष्ट वाचताना अक्षरांची अदलाबदल नव्हती. जागा बदलायची ती फक्त ऐकलेल्या संख्येची. डोळ्याला दिसलेली संख्या हातातून नीट उतरत होती आणि कानावर पडलेली उलटी होत होती. असं असताना पोरीवर शिक्का मारायची घाई मला नको वाटली.

सप्टेंबरात एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. चिमणी ओट्यावर पालथी पडून गृहपाठ करत होती, आई आत चुलीपुढे. मी काही न बोलता शेजारी बसले. एक्केचाळीस ते पन्नासचा स्तंभ चालला होता. पोरीनं आधी वरून खाली नऊ वेळा ४ लिहिला. ४, ४, ४, ४, गोधडीला टाके घालावेत तसा. मग वर जाऊन प्रत्येक ४ च्या शेजारी १, २, ३ करत नऊपर्यंत आली. खाली ५० लिहून पुढच्या स्तंभात ५ चे टाके सुरू. ओठ हलत नव्हते. संख्येचं नाव एकदाही तोंडातून निघालं नाही. पाच मिनिटांत पान पुरं, आणि पानभर एकही चूक नाही.

मी ४७ वर बोट ठेवलं. “हा कोणता गं?”

“चौऱ्याहत्तर.”

आत उलथन्याचा आवाज थांबला. आई दारात आली. “म्याडम, दररोज दोन पानं लिवतीय की ओ. एक बी चुकत न्हाई.”

चुकत नव्हतंच. चुकायला त्यात जागाच नव्हती. मी घराला सांगितलेला सराव म्हणजे अंकांची नक्षी काढण्याचा सराव होता. चिमणीला अडचण होती ती कानावर पडलेलं नाव आणि कागदावरचे दोन अंक यांची गाठ घालण्याची. त्या गाठीला आमच्या वहीनं हातसुद्धा लावला नव्हता. आणि पालकांची सही मागून मी वर त्याला शाळेचा शिक्का दिला होता.

गडबड कुठे होते ते मोठ्यांना चटकन दिसत नाही, कारण आपली सवय मुरलेली असते. सत्तेचाळीस म्हणताना आपण आधी सात म्हणतो, मग चाळीस. लिहिताना आधी चार, मग सात. मूल जसं ऐकतं तसं डावीकडून लिहीत गेलं की ७४ होणारच. यात मूल चुकत नाही, उलट प्रामाणिकपणे ऐकतं. चव्वेचाळीस आणि साठ बरोबर येतात कारण एकात दोन्ही अंक सारखेच, दुसऱ्याचं नाव एकसंध. बावन्नला कागद कोरा राहतो कारण त्यात ‘पन्नास’ नावाचं ओळखीचं काही ऐकूच येत नाही. आणि एकोणतीस म्हणजे मुलांचा छळ आहे. तीसला एक कमी, असं ते नाव सांगतं. मुलाला ‘तीस’ ऐकू येतो आणि शेवटी नऊ असतो एवढं आठवतं. झाले ३९. गंमत म्हणजे एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’ चालवून नव्याण्णवला आपण ते सोडून देतो. का, म्हणून एका मुलानं विचारलं होतं. मी ‘मोठा झालास की कळेल’ म्हणाले. मीही अजून मोठी झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा संख्या सांगितल्या. या वेळी कागद तपासायचे नाहीत, हात बघायचे असं ठरवून मुलांच्या मागे उभी राहिले. इतकी वर्षं शिकवून ही गोष्ट मी पहिल्यांदा केली. चिमणीसारखी आणखी तिघं ७ आधी लिहून त्याच्या उजवीकडे ४ लिहीत होती. दोन मुलं ७ लिहिताना डावीकडे बोटभर जागा सोडत आणि मागे येऊन तिथे ४ बसवत. उत्तर बरोबर, म्हणून त्यांच्या कागदावर मी आजवर बरोबरची खूण करत आले होते. आणि एक कानडी घरचा मुलगा आधी ४ लिहीत होता, मग ७. त्याला वेळ लागायचा, म्हणून मी त्याला कच्च्यात धरलं होतं. जवळ गेले तर ओठांवर ‘नलवत्तेळु’. कानडीत नलवत्तु म्हणजे चाळीस, एळु म्हणजे सात. चाळीस-सात. त्याची भाषा लिहिण्याच्या दिशेनं चालत होती. त्याचा वेळ जात होता तो सत्तेचाळीस म्हणजे कोणती संख्या हे मनात कानडीत फिरवून घेण्यात. एकदा ती कळली की हात चुकत नव्हता.

इथे २०१९ ची आठवण निघणं अपरिहार्य आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात त्या वर्षी एकवीसच्या जोडीनं ‘वीस एक’, सत्तावीसच्या जोडीनं ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांची भीती आणि उलट्या क्रमाचा गोंधळ कमी व्हावा, हा त्यामागचा विचार. त्यावर केवढा गदारोळ झाला! विधानसभेत विषय गेला, वर्तमानपत्रं भरली, आडनावांचे आकडे करून विनोद झाले. मराठी बुडाली इथपर्यंत गाडी गेली. मी तेव्हा चौथीला शिकवत होते आणि आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या परिषदेत चहा पिताना मीही हसले होते. तीन वर्षांनी चिमणीचा कागद हातात धरून मला त्या हसण्याची लाज वाटली. माझं मत आजही असं आहे की सत्तेचाळीस, बावन्न, एकोणसाठ ही नावं मुलांना आलीच पाहिजेत. बाजारात, एसटीत, आजीच्या तोंडी तीच आहेत. इंग्रजी माध्यमातल्या भाच्याला ‘एकोणसाठ रुपये झाले’ म्हटलं की तो ‘म्हणजे फिफ्टी नाइन का?’ विचारतो, तसं आपल्या मुलांचं होऊ नये. पण ‘चाळीस सात’ ही शिडी आहे. माळ्यावर चढल्यावर शिडी काढून घेता येते. चढायच्या आधी कोण काढतं?

वर्गात मग आम्ही वह्या मिटल्या. तुराट्यांचे बोटभर तुकडे केले आणि दहा-दहाचे गठ्ठे बांधले. गठ्ठे मुलांनीच बांधायचे, मी बांधून द्यायचे नाहीत, हे पथ्य. त्यामुळे कुणाचा नऊचा, कुणाचा अकराचा गठ्ठा निघायचा. त्याला मुलांनीच ‘लबाड गठ्ठा’ नाव दिलं आणि लबाड गठ्ठा पकडणं हा दोन दिवस वर्गाचा मुख्य उद्योग झाला. दहा म्हणजे नेमके दहा हे माझ्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा त्या पकडापकडीत पक्कं झालं. मी ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की लगेच लिहायचं नाही. आधी काड्या मांडायच्या, मांडलेलं वाचायचं: चार गठ्ठे सात काड्या, चाळीस सात, सत्तेचाळीस. मगच पेन्सिल.

जुन्या लग्नपत्रिकांची कार्डं केली. लांब कार्डांवर १०, २०, ३० ते ९०, आखूड कार्डांवर १ ते ९. चाळीसच्या कार्डावरच्या शून्यावर सातचं कार्ड ठेवलं की ४७ दिसतात, आणि सात उचलला की खालून शून्य डोकावतो. चिमणीनं हे कार्ड किती वेळा उचललं आणि ठेवलं असेल! चारच्या पोटात चाळीस असतात हे तिला तिथे दिसलं.

एक खेळ मात्र अंगाशी आला. दोन मुलं वर्गापुढे उभी करायची, एक दशक, एक एकक. मी संख्या सांगितली की दोघांनी आपापला अंक पाटीवर लिहून वर धरायचा आणि वर्गानं वाचायचं. मी दशकवाल्याला सांगितलं, तू डावीकडे उभा राहा. तो त्याच्या डावीकडे उभा राहिला. वर्गाच्या दृष्टीनं ती उजवी बाजू. सगळा वर्ग मोठ्यानं ‘चौऱ्याहत्तर’ ओरडला, आणि ज्या उलटापालटीशी मी तीन आठवडे भांडत होते ती मीच पुढे उभी केली. चिमणीनं माझ्याकडे असं बघितलं की बघा, मी म्हणत होते ना! शेवटी तोड काढली: दोघांनी फळ्याकडे तोंड करायचं आणि पाट्या पाठीवर धरायच्या. आता त्यांची डावी तीच वर्गाची डावी. पाठीवरची पाटी आपल्याला दिसत नाही म्हणून मुलं मान वळवून वळवून बघायची, हसायची. त्या गोंधळात पहिलीची पोरंही घुसली. त्यांना मी हाकललं नाही.

घरी काय सांगायचं, हा खरा पेच होता. लिहायला देऊ नका म्हणणं सोपं, पण मग आईनं करायचं काय? आणि वडिलांचा निरोप आलाच, वही कोरी दिसतीय, शाळेत शिकवायचं बंद झालं काय?

उत्तर चुलीजवळच होतं. कडक भाकऱ्या वाळल्या की आई त्यांच्या चवडी लावते आणि दहा-दहाची पिशवी बांधते. ऑर्डर बहुतेक फोनवर येते, आणि माणूस सांगतो ती संख्या मराठीत. सत्तेचाळीस भाकरी म्हणजे चार चवडी आणि वर सात. माझ्या वर्गातले गठ्ठे आणि काड्या या घरात रोज संध्याकाळी मांडले जात होते. मी आईला दोनच गोष्टी सांगितल्या. फोनवरची संख्या पोरीला तोंडानं सांगायची आणि चवडी तिला लावू द्यायच्या. लावून झाल्यावरच पाटीवर ती एकच संख्या लिहायची. शंभर नाही, एक.

“भाकरी मोडंल की तिच्या हातनं,” आजी म्हणाली.

“मोडली तर मी विकत घेते,” मी म्हणाले. त्या हंगामात मी बऱ्याच मोडक्या भाकऱ्या खाल्ल्या. शेंगाच्या चटणीबरोबर मोडकी भाकरी तशीच लागते.

आईनं जाता जाता एक सांगितलं. गिऱ्हाईक फोन नंबर जोड्यांनी सांगतं, अठ्ठ्याहत्तर, बावीस असा, तेव्हा ती स्वतःही आधी दुसरा अंक लिहिते आणि मागे जागा सोडते. “मला वाटायचं मलाच येत न्हाई.” मी तिला वर्गातल्या त्या दोन मुलांचं सांगितलं. नंतर घरी जाऊन स्वतःचा हात तपासला. मीही तेच करते.

पंधरवड्यात एक नवीन चूक उगवली, आणि ती आली आजीकडून. आजी निरक्षर, पण हिशोबाला पक्की, आणि तिची मोजणी विसांवर चालते. सत्तेचाळीसला ती म्हणते दोन इसा सात. शंभर म्हणजे पाच इसा. चिमणीनं ‘दोन इसा सात’ ऐकलं आणि पाटीवर २७ लिहिले. मी मनात म्हटलं, झालं, आता आजीला गप्प बसवावं लागणार. पण कुठल्या तोंडानं सांगू की शाळेसाठी तुम्ही तुमची मोजणी बंद करा? संध्याकाळी गेले तेव्हा आजीनंच प्रश्न सोडवला होता. तिनं दोन चवडींवर एक पंचा टाकला, पुढच्या दोन चवडींवर दुसरा. “ह्यो एक इसा, ह्यो दुसरा इसा. आन ह्ये सात उगडे.” मग पंचे काढले. “आता मोज तुज्या शाळंचं.” चिमणीनं चवडी मोजल्या, चार. चार चवडी सात. चाळीस सात.

वीस म्हणजे दोन दहा, हे मी ‘दोनचा पाढा दहानं’ वगैरे करून शिकवलं असतं. पंचा सुचला नसता.

दिवाळीनंतर मी पुन्हा त्याच दहा संख्या सांगितल्या, क्रम बदलून. चिमणीचे आठ बरोबर आले. चुकले ते एकोणतीस आणि बावन्न. लिहिताना ती डावा हात कागदावर पालथा ठेवायची, जणू चवडींची जागा धरून ठेवलीय. वेग कमी होता. घड्याळ लावून घेतलेल्या चाचणीत ती मागे पडली असती, पण मी घड्याळ लावलं नाही. ‘जागा सोडून’ लिहिणाऱ्या दोघांना मी सुधारलंच नाही. ती त्यांची वाट आहे, पोचतात. कानडी घरच्या मुलाला मात्र मराठी नावं वेगळी, गाण्यात-खेळात द्यावी लागली. त्याचं दुखणंच निराळं होतं आणि महिनाभर मी त्याला आणि चिमणीला एकच औषध देत होते. वजाबाकीत गठ्ठा सोडून काड्या सुट्या करणं चिमणीला सहज आलं, कारण पिशवी सोडून भाकरी काढणं तिनं पाहिलं होतं. बाकी वर्गाला ‘हातचा’ शब्द सांगून समजावताना माझी दमछाक झाली.

एकोणचं काम रेंगाळलं. ४९ ला ५९, ७९ ला ८९ असं जानेवारीपर्यंत चालू होतं. वर्गात मी उलटी रांग करून पाहिली, संख्यारेषा आखून पाहिली. थोडं हललं, फार नाही.

संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे कडक भाकरीची मागणी वाढते. भोगीच्या आदल्या दिवशी मी माझ्या भाकऱ्या आणायला गेले तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. फोन आला, आईनं कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणाली, “एकोणसत्तर.”

चिमणी थांबली. पाटी घेतली नाही. चवडी ओढायला लागली, एक, दोन, करत सात. मग सातव्या चवडीवरची एक भाकरी उचलून बाजूला ठेवली आणि आईकडे बघितलं. “सत्तरला एक कमी ना?” आई फोनवरच मान हलवून हो म्हणाली. मग पाटीवर ६९. सहा आधी.

आजी पिशव्या बांधायला बसली. तिनं ती बाजूला काढलेली भाकरी उचलली आणि परत चवडीवर ठेवली. “यात्रंचं गिऱ्हाईक हाय. वर एक द्यावी.”

“आजी!” चिमणी ओरडली. “सत्तर झाल्या की आता!”